लाल मूठ ओढताना काटा किती चढला? : छोट्या विमानाच्या 'आयडल' जुळवणीची गोष्ट

जळगाव/धुळे, प्रतिनिधी :

खानदेशच्या आकाशात छोटी विमाने घिरट्या घालताना दिसणे ही आता नवलाई राहिलेली नाही. १९२८ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि जे. आर. डी. टाटांसारख्या वैमानिकाचा वारसा सांगणाऱ्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवर प्रशिक्षण नेले. शिरपूर येथे एसव्हीकेएम संस्थेची विमानचालन अकादमी उभी राहिली. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारी यांच्या जोडीला जळगावचाही समावेश होता. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातील मोठा वाटा धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्यात आणि पुन्हा झेप घेण्यात जातो.

अशा प्रत्येक फेरीत एक क्षण येतो. धावपट्टी समोर दिसते, विद्यार्थी थ्रॉटल पूर्ण मागे घेतो आणि इंजिन आपल्या सर्वांत मंद गतीवर, म्हणजे 'आयडल'वर येते. धावपट्टीवर अचानक अडथळा दिसला किंवा वाऱ्याच्या झोताने विमान भरकटले, तर पुढच्याच सेकंदाला तोच थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलावा लागतो. त्या वेळी इंजिनाने विनातक्रार उचल घेतलीच पाहिजे. ते खोकले, अडखळले किंवा बंद पडले, तर जमीन अवघ्या काही मीटरवर असते. हे टाळण्याची जबाबदारी ज्या अनेक गोष्टींवर असते, त्यांत कार्ब्युरेटरच्या मागच्या अंगाला असलेला एक बोटभर लांबीचा स्क्रूही आहे.

हा स्क्रू वाहन वापरणाऱ्यांना अगदीच अनोळखी नाही. मोटारसायकल सिग्नलला बंद पडू लागली की गॅरेजवाल्याकडे जाऊन 'स्लो सेट' करून घेण्याची सवय एका पिढीला होती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, दुचाकींवर इंधन-इंजेक्शन आले आणि कार्ब्युरेटरचा कान असलेले मिस्त्री हळूहळू दुर्मीळ झाले. छोट्या विमानांत मात्र ही जुनी विद्या अद्याप रोजच्या उपयोगाची आहे. फरक आकाराचा आणि परिणामांचा. जुन्या सेस्ना १७२ विमानातील लायकमिंग ओ-३२० हे चार सिलिंडरचे इंजिन सुमारे ५,२४० सीसीचे असते. शंभर सीसीच्या मोटारसायकलीच्या पन्नास पटींहून अधिक. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण आठ स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. आणि बंद पडल्यास बाजूला घेऊन उभे करण्याची सोय नाही.

रिच आणि लीन

पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी ढोबळमानाने पंधरा किलो हवा लागते. इंधनाचे प्रमाण यापेक्षा जास्त झाले तर मिश्रण 'रिच', कमी झाले तर 'लीन'. हे दोन शब्द हँगरमध्ये इतके रुळलेले आहेत की त्यांना कोणी प्रतिशब्द शोधत बसत नाही.

आयडलला मिश्रण थोडे रिचच लागते, आणि यामागे ठोस कारण आहे. इंजिन मंद चालते तेव्हा कार्ब्युरेटरमधील झडप जवळपास मिटलेली असते. आत जाणारी ताजी हवा अत्यल्प, आणि आधीच्या स्फोटातून उरलेला जळका वायू सिलिंडरमध्ये रेंगाळलेला. त्या गर्दीत ठिणगीने पेट घ्यावा म्हणून इंधनाचे कण जरा अधिक असावे लागतात. शिवाय या अवस्थेत कार्ब्युरेटरचा मुख्य मार्ग काम करीत नाही. हवेचा वेगच इतका कमी असतो की मुख्य नळीतून इंधन ओढले जात नाही. म्हणून झडपेच्या कडेला सुईच्या अग्राएवढी छिद्रे ठेवलेली असतात. झडप मिटलेली असताना तिच्या पलीकडे निर्वात दाब तीव्र असतो, तो या छिद्रांतून इंधन आणि हवेचे फेसाळ मिश्रण ओढतो. ते किती जावे हे ठरवणारा स्क्रू म्हणजे आयडल मिक्श्चर स्क्रू. लायकमिंगवर सर्रास आढळणाऱ्या मार्व्हल-शेबलर बनावटीच्या कार्ब्युरेटरमध्ये तो बाहेर फिरवला की मिश्रण रिच होते, आत फिरवला की लीन.

येथे एक घोटाळा नेहमी होतो, तो दूर केलेला बरा. वैमानिकासमोर लाल रंगाची एक मूठ असते, तिलाही 'मिक्श्चर'च म्हणतात. ती पुढे असली की इंधन भरपूर, मागे ओढत गेले की कमी, आणि पूर्ण मागे ओढली की इंधन बंद. उंचावर हवा विरळ होते तेव्हा वैमानिक हीच मूठ मागे घेऊन मिश्रण जुळवतो. लाल मूठ वैमानिकाची, उड्डाणातली. स्क्रू अभियंत्याचा, जमिनीवरचा. शेजारी आणखी एक स्क्रू असतो, तो झडप किती मिटावी एवढेच ठरवतो, म्हणजे आयडलचे फेरे कमी-जास्त करतो. मिश्रण बिघडले असताना केवळ या दुसऱ्या स्क्रूने फेरे वाढवून 'काम झाले' म्हणणे ही गॅरेजमधली जुनी युक्ती आहे. मोटारसायकलीवर ती खपून जाते. विमानात फेरे वाढलेले आयडल म्हणजे उतरताना न थांबणारे, लांबच लांब तरंगत जाणारे विमान.

काटा सांगतो ते

जुळवणी तपासण्याची पद्धत गंमतीदार आहे, कारण तिला फेरे मोजणाऱ्या काट्याखेरीज दुसरे उपकरण लागत नाही. विमानाचे नाक वाऱ्याकडे करून चाकांना ठोकळे लावले जातात, ब्रेक दाबले जातात. इंजिन आधी पुरेसे तापवले जाते. थंड इंजिनावर घेतलेले माप फसवे निघते. मग मॅग्नेटो तपासले जातात, कारण ठिणगीच कमकुवत असेल तर मिश्रणावर आळ घेण्यात अर्थ नाही. त्यानंतर थ्रॉटल मागे घेऊन इंजिन मिनिटाला साधारण ६०० ते ७०० फेऱ्यांवर स्थिर होऊ दिले जाते.

आता लाल मूठ अगदी सावकाश मागे ओढायची आणि नजर काट्यावर ठेवायची. मिश्रण योग्य, म्हणजे किंचित रिच असेल, तर इंधन कमी होत जाताना ते आधी सर्वाधिक शक्तीच्या बिंदूपाशी येते. तेथे काटा थोडा वर चढतो. इंधन आणखी तुटले की मिश्रण लीन होते, काटा कोसळतो आणि इंजिन बंद पडू लागते. इंजिन पुरते बंद पडण्याआधी मूठ पुन्हा पुढे. काटा किती चढला, एवढेच पाहायचे असते. सर्वसाधारणपणे १० ते ५० फेऱ्यांची वाढ ठीक मानली जाते. ५० पेक्षा जास्त वाढ दिसली तर आयडल फारच रिच. आणि काटा मुळीच न चढता थेट खाली आला, तर मिश्रण आधीच त्या बिंदूवर किंवा त्याच्याही पलीकडे, लीन बाजूला आहे.

स्क्रू फिरवायचा तो एक-दोन खाचांनीच. इंजिन बंद करून, पंख्यापासून सावध राहून. दर फिरवणीनंतर इंजिन पुन्हा सुरू करून २,००० फेऱ्यांपर्यंत क्षणभर पळवायचे, म्हणजे आत साचलेले जादा इंधन जळून जाते, आणि मग पुन्हा तीच मूठ, तोच काटा. तीन-चार आवर्तने सहज होतात. मिश्रण जुळले की शेवटी फेऱ्यांचा स्क्रू हलवून आयडल उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यावर आणायचे; त्याने मिश्रण थोडे सरकते, म्हणून पुन्हा एकदा तपासायचे. घाई असलेल्या माणसाचे हे काम नव्हे.

या पद्धतीतील खरी सोय अशी की, प्रत्येक उड्डाणाच्या अखेरीस ही चाचणी आपोआप घडते. विमानाचे इंजिन चावी फिरवून नव्हे, तर लाल मूठ ओढून, इंधन तोडून बंद करतात. कारण सिलिंडरमध्ये इंधन शिल्लक राहिले आणि मॅग्नेटोत दोष असला, तर कोणी पंखा हाताने हलवताच इंजिन अचानक पेटू शकते. म्हणजे दिवसातून चार उड्डाणे झाली तर चार वेळा मूठ ओढली जाते आणि चार वेळा काटा आपले म्हणणे सांगतो. पुष्कळदा विद्यार्थ्याचे लक्ष तोवर पट्टा सोडण्याकडे लागलेले असते. 'आज काटा चढलाच नाही' एवढी एक नोंद अभियंत्यापर्यंत पोहोचली, तर दोष उड्डाणात उघड होण्याआधी हँगरमध्ये सापडतो.

मे महिन्याची तक्रार, डिसेंबरचा धोका

खानदेशात या विषयाला एक स्थानिक पैलू आहे. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो १० अंशांच्या आसपास उतरतो. १० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे अकरा टक्क्यांनी विरळ असते. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवरच्या धावपट्टीवर मे महिन्याच्या दुपारी उभे असलेले विमान, हवेच्या घनतेच्या हिशेबाने, सुमारे १,४०० मीटर उंचीवर असल्यासारखे वागते. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. गारवा सोडून महाबळेश्वराची बाकी सारी विरळ हवा जळगावकरांना घरबसल्या मिळते, असे म्हणायला हरकत नाही.

हवा विरळ झाली, पण स्क्रूचे छिद्र तेवढेच राहिले. परिणामी हिवाळ्यात जुळवलेले आयडल उन्हाळ्यात रिच होते. त्याची पहिली खूण स्पार्क प्लगवर दिसते. विमानाच्या निळसर रंगाच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असते. एके काळी भारतात हे इंधन आयात करावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथे तयार केलेले देशी इंधन बाजारात आणले. (पंपावरचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या इंजिनांना का चालत नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) प्लग पुरेसा तापलेला असेल तर शिसे वायुरूप होऊन धुराबरोबर निघून जाते. रिच आणि मंद चालणाऱ्या इंजिनात प्लग थंड राहतो. मग त्यावर काजळी धरते आणि खालच्या बाजूच्या प्लगमध्ये शिशाचे करडे मणी साचतात. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत एक मॅग्नेटो बंद करताच इंजिन थरथरते, फेरे मर्यादेपेक्षा जास्त पडतात आणि विद्यार्थ्याला विमान परत आणावे लागते. प्रशिक्षण संस्थेच्या दृष्टीने हा वाया गेलेला तास असतो, आणि उन्हाळ्यात असे तास साचत जातात.

त्यामुळे मे महिन्यात स्क्रू थोडा आत फिरवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. प्लग स्वच्छ राहतात, तक्रारी थांबतात, सर्व खूश. या जुळवणीची परीक्षा मात्र डिसेंबरमध्ये होते. थंड, घन हवेत तेच आयडल लीन ठरते. शिवाय गारठ्यात पेट्रोलचे बाष्पही नीट होत नाही, म्हणजे जे इंधन आत जाते त्यातलेही काही कामी येत नाही. इंजिन सुरू करायला त्रास होतो, ते मागच्या अंगाने, हवेच्या मार्गात फटाका फोडते. आणि सर्वांत वाईट म्हणजे थ्रॉटल झटकन पुढे केला की क्षणभर इंजिनाचा श्वास अडकतो. कार्ब्युरेटरमध्ये अशा वेळी इंधनाची एक पिचकारी मारणारा छोटा पंप असतो. तो हा खड्डा भरून काढतो, पण मुळातच लीन असलेल्या आयडलचा खड्डा त्याच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो.

लीन आयडल लपून राहते, हा त्याचा आणखी एक दुर्गुण. विमान घरंगळत उतरत असताना समोरून येणारा वारा पंख्याला फिरवत ठेवतो. इंजिन जेमतेम जळत असले तरी काटा ते दाखवत नाही. चाके टेकून वेग ओसरला की पंख्याचा आधार जातो आणि इंजिन धावपट्टीच्या मधोमध गप्प होते. तेथे ते केवळ लाजिरवाणे ठरते. परंतु त्याच इंजिनाकडून दहा सेकंद आधी पूर्ण शक्ती मागितली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रशिक्षकाला करावाच लागतो. रिच आयडलचा त्रास वेळेचा आणि पैशाचा असतो; लीन आयडलचा त्रास उंची नसताना भोगावा लागतो. दोहोंपैकी एक चूक होणारच असेल तर ती रिच बाजूला व्हावी, असा कल हँगरमध्ये असतो तो यामुळेच.

उन्हाळ्यातील प्लगच्या तक्रारीवर स्क्रूपेक्षा साधे उपाय आहेत आणि ते वैमानिकाच्या हातात आहेत. धावपट्टीच्या तोंडाशी पाळीची वाट पाहत उभे राहताना इंजिन ६०० फेऱ्यांवर रेंगाळत ठेवू नये, १,००० ते १,२०० वर ठेवावे. उष्ण दिवसांत जमिनीवर फिरताना लाल मूठ मागे घ्यावी, झेप घेण्यापूर्वी आठवणीने पुन्हा जुळवावी. इंजिन बंद करण्याआधी १५-२० सेकंद १,८०० फेऱ्यांवर चालवले, तर प्लग तापून बरीचशी घाण जळून जाते. लायकमिंग कंपनीच्या मार्गदर्शनात या बाबी अनेक वर्षांपासून आहेत.

दोष स्क्रूचा नसतो तेव्हा

अनुभवी अभियंता आयडल बिघडल्याची तक्रार ऐकून लगेच स्क्रूला हात लावत नाही. स्क्रू आपण होऊन फारसा फिरत नाही. महिनोन्महिने नीट चाललेले आयडल एका आठवड्यात बिघडले, तर दुसरेच काहीतरी बदललेले असते. कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या जोडावरील गॅस्केट किंवा रबर फाटले असेल तर तेथून चोरटी हवा आत शिरते. आयडलला आतला निर्वात दाब सर्वाधिक, म्हणून गळतीचा परिणामही तेव्हाच सर्वाधिक. थ्रॉटल उघडताच तो लपतो. अशा इंजिनात स्क्रू बाहेर फिरवून मिश्रण रिच केले, की ज्या सिलिंडरला गळती आहे तो सुधारतो आणि उरलेले तीन काजळतात. उलटपक्षी, थंड इंजिन सुरू करण्यासाठी इंधन फवारणारा हातपंप नीट बंद झाला नसेल तर त्यातून झिरपणारे पेट्रोल आयडल रिच करते, आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी जातो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट संभवते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे बाष्प होताना आणि हवा अरुंद जागेतून जाताना तापमान एकदम उतरते. हवा दमट असेल तर बाहेर २५ अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. आषाढात धुळ्याला बर्फाने इंजिन अडखळते, हे सामान्य माणसाला खरे वाटणार नाही. पण थ्रॉटल मागे घेतलेल्या, उतरणाऱ्या विमानात हा धोका विशेष असतो. त्यावर इलाज गरम हवेच्या दांड्याचा, स्क्रूचा नव्हे.

सर्वच छोट्या विमानांची रचना अशी नसते. सेस्ना १७२ च्या नव्या आवृत्त्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंधन-इंजेक्शन आहे. तेथे स्क्रूच्या जागी थ्रॉटल आणि इंधन-झडप यांना जोडणाऱ्या दुव्याची लांबी एका चाकीने कमी-जास्त करतात, मात्र लाल मूठ ओढून काटा पाहण्याची चाचणी तीच. रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या हलक्या विमानांत लाल मूठच नसते. त्यांचे दोन बिंग कार्ब्युरेटर उंचीनुसार मिश्रण स्वतः सांभाळतात. तेथे मुख्य काम दोन्ही कार्ब्युरेटर एका लयीत चालवण्याचे. एकाने थोडे अधिक ओढले तरी आयडलला सारे विमान हलू लागते.

हे काम कोणाच्याही हाती नसते. नागरी विमानचालन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या, त्या प्रकारच्या विमानासाठी अधिकृत अभियंत्याच्या जबाबदारीवरच ते होते. स्क्रू किती खाचा फिरवला, आधी काटा किती चढत होता आणि नंतर किती चढला, त्या दिवशी हवेचे तापमान काय होते, हे नोंदवहीत लिहून त्याखाली सही होते. यांपैकी तापमानाची नोंद सर्वांत दुर्लक्षित आणि खानदेशात सर्वांत उपयोगी. मे महिन्यात ४४ अंशांत केलेली जुळवणी डिसेंबरच्या पहाटे कोणाला तपासायची असेल, तर त्याला आधी तोच आकडा लागतो.